किंडर स्काउट
किंडर स्काउट हे इंग्लंडमधील डर्बीशायर परगण्यातील पठार असून २००९ पासून ते राष्ट्रीय निसर्ग राखीव क्षेत्र आहे. ६३६ मीटर उंचीचे हे पठार पीक डिस्ट्रिक्ट राष्ट्रीय उद्यानातील सर्वोच्च ठिकाण होय. अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या ओलसर थरांवर येथे हेदरची झुडपे वाढतात. हिवाळ्यात पांढरे होणारे डोंगरी ससे येथे आढळतात.

२४ एप्रिल १९३२ रोजी खासगी शिकारक्षेत्र असलेल्या या डोंगरावर शेकडो पदभ्रमणकर्त्यांनी मनाई मोडून प्रवेश केला. पाच जणांना तुरुंगवास झाला. अशा माळरानांवर पायी फिरण्याचा हक्क २०००च्या कायद्याने मिळाला. मात्र जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांच्या रक्षणार्थ १ मार्च ते ३१ जुलै या काळात कुत्र्यांना आखूड दोरीने बांधूनच न्यावे लागते.