आश्रयाचे ऋण फेडणारी शाळा

कल्याणहून अंबरनाथकडे निघालेली गाडी विठ्ठलवाडी मागे टाकते आणि उल्हासनगर येते. या शहरातील पत्ते आजही कॅम्प क्रमांक एक ते पाच असेच सांगितले जातात आणि जुन्या वस्तीत तर पत्त्यात बराकीचा क्रमांकही असतो. कापडाच्या खरेदीसाठी डोंबिवलीहून तेथे नित्य जाणाऱ्या व्यापाऱ्यास या शब्दांचे आता काही विशेष वाटत नाही. परंतु ‘कॅम्प’ आणि ‘बराक’ हे शब्द त्या शहराच्या जन्माचे साक्षीदार आहेत.

दुसऱ्या महायुद्धात लष्करासाठी उभारलेल्या या बराकींमध्ये फाळणीनंतर सिंधमधून आलेले सुमारे ९४,४०० लोक वसविण्यात आले. जानेवारी १९४८ मध्ये कराचीत दंगल उसळली आणि तेथून मुंबईस येणाऱ्या आगबोटी माणसांनी भरून येऊ लागल्या. बंदरावर उतरलेल्या अनेक कुटुंबांची कल्याण कॅम्पमध्ये रवानगी झाली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते कोनशिला बसली आणि उल्हास नदीवरून वसाहतीस उल्हासनगर हे नाव मिळाले. त्या काळच्या लोकलगाड्यांत गोळ्या-पेपरमिंट, कंगवे आणि पापड विकणारी सिंधी मुले प्रवाशांच्या परिचयाची होती. दिवसा डब्यातून फिरावे आणि उरलेल्या वेळी पाटी-पुस्तक उघडावे, असा कित्येकांचा क्रम होता. ‘शरणार्थी’ या शब्दाऐवजी ‘पुरुषार्थी’ हा शब्द त्या पिढीने मानाने धारण केला, तो उगीच नव्हे. त्यांच्या शिक्षकांनीही तेच केले. कराचीच्या डी. जे. सिंध कॉलेजातून विस्थापित झालेल्या प्राध्यापकांनी १९४८ मध्येच मुंबईत जयहिंद कॉलेज सुरू केले. घरदार गेलेल्या समाजाने प्रथम दुकान आणि लगोलग शाळा-कॉलेज उभारावे, हे व्यापारी पेशाच्या लोकांस सहज समजण्यासारखे आहे.

निर्वासितांच्या इतिहासात सरकारे, संस्था आणि दानशूर यांची नावे येतात. शाळकरी मुलांनी निर्वासितांसाठी काय केले, हे मात्र क्वचितच लिहिले जाते. मोठ्यांच्या देणगीची पावती फाटते. एखाद्या मुलाने आपल्या बाकावर परक्या मुलास जागा करून दिली तर त्याची पावती कोण फाडणार? अशा एका शाळेची हकीकत येथे सांगावयाची आहे. ती शाळा पोलंडची राजधानी वॉर्सा येथे आहे. परंतु तिच्या हकीकतीचा आरंभ मुंबई, जामनगर आणि कोल्हापूर येथे झाला.

सिंधी बांधव कल्याणला येण्यापूर्वी सहा वर्षे, १९४२ मध्ये, मुंबईत परक्या देशातील अनाथ मुलांची एक तुकडी येऊन दाखल झाली होती. १९३९ मध्ये जर्मनी आणि सोव्हिएत रशिया यांनी पोलंड वाटून घेतला. पूर्व भागातील लाखो पोलिश नागरिकांना १९४० आणि १९४१ या वर्षांत मालगाड्यांत कोंबून सायबेरिया आणि कझाकस्तानात पाठविण्यात आले. थंडी, उपासमार आणि साथीचे रोग यांत मोठी माणसे गेली व मुले मागे राहिली. जुलै १९४१ मध्ये पोलंडचे लंडनस्थित परागंदा सरकार आणि रशिया यांच्यात करार होऊन या लोकांना सुटका मिळाली, पण जावयाचे कोठे? मुलांच्या पहिल्या तुकड्या अश्गाबादहून मोटारट्रकने इराणच्या मशहद-झाहेदान मार्गे क्वेट्ट्यास आणि तेथून मुंबईस आल्या. पहिली तुकडी आरंभी वांद्रे येथे राहिली. हान्का ओर्दोनुव्हना ही पोलंडची विख्यात गायिका या मुलांबरोबर होती. पुढे तिने या भटक्या मुलांवर पुस्तकही लिहिले.

त्यांस आश्रय दिला तो नवानगर संस्थानचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनी. ठाणे, भिवंडी, डोंबिवली या पट्ट्यातील हालारी कुटुंबांस जामनगर हे नाव परके नाही. त्यांच्या पूर्वजांची गावे याच संस्थानात होती. जामनगरपासून जवळच समुद्रकाठी बालाचडी येथे जामसाहेबांच्या उन्हाळी निवासापाशी मुलांसाठी छावणी बांधण्यात आली. त्या वेळी जामसाहेब नरेंद्र मंडळाचे चान्सेलर होते, म्हणून त्यांनी इतर संस्थानिकांसही मदतीचे आवाहन केले. मुंबईत पोलिश मुलांसाठी निधी उभारला गेला. पोलंडच्या वाणिज्यदूतांच्या पत्नी कीरा बनासिन्स्का यांनी त्यासाठी अपार धडपड केली, आणि संस्थानिकांबरोबर टाटांसारख्या उद्योगपतींनीही त्यात भर घातली. हिंदुस्थान त्या वेळी स्वतः पारतंत्र्यात होता, युद्धाच्या महागाईने पिचत होता. देणाऱ्याचे हात भरलेले असतानाच दान घडते, हा समज येथे खोटा ठरतो.

मुले जामसाहेबांस बापू म्हणत. छावणीत शाळा होती, चॅपेल होते, बालवीरांचे पथक होते, फुटबॉलचे सामने होत. मोठेपणी या मुलांनी लिहिलेल्या आठवणींत पालकाच्या भाजीची एक गोष्ट आवडीने येते. मुलांना उकडलेला पालक मुळीच आवडेना, म्हणून त्यांनी तो खाण्याचे नाकारले. ही वार्ता बापूंच्या कानी गेली आणि स्वयंपाकघरातून पालक हद्दपार झाला! प्रसंग क्षुल्लक खरा. परंतु आश्रितांनी मिळेल ते मुकाट्याने खावे, अशी अपेक्षा जेथे सर्वत्र असते, तेथे आश्रित मुलांची आवडनिवड विचारात घेणारा यजमान विरळाच. आपल्याकडे आहार, औषध, ज्ञान आणि अभय असे चार प्रकारचे दान सांगितले आहे. बालाचडीत पहिली तीन होतीच. पालक नाकारण्याची मुभा हे चौथे म्हणावे लागेल.

दुसरी छावणी कोल्हापूर संस्थानात, वळिवडे येथे १९४३ मध्ये वसली. ती बालाचडीहून कितीतरी मोठी होती. सुमारे ५,००० पोलिश लोक, त्यांत बहुसंख्य स्त्रिया आणि मुले, तेथे राहत. प्राथमिक शाळा, माध्यमिक विद्यालय, दवाखाना, चर्च, नाट्यगृह अशी ती एक लहानशी पोलिश नगरीच होती. काही पोलिश तरुणींनी कोल्हापूरकरांशी विवाह केले आणि त्या येथल्याच होऊन गेल्या. बालाचडीची छावणी १९४६ मध्ये बंद झाल्यावर तेथील मुलेही वळिवड्यास आली. १९४८ पर्यंत हे लोक इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, अमेरिका असे पांगले. काही पोलंडलाही परतले.

वळिवड्याच्या बराकी फार काळ रिकाम्या राहिल्या नाहीत. पोलिश लोक गेले आणि सिंधी निर्वासित आले. त्या वसाहतीस गांधीनगर हे नाव पडले. आज ती दक्षिण महाराष्ट्रातील कापडाची मोठी घाऊक पेठ आहे. उल्हासनगर आणि गांधीनगर या दोन्ही पेठांशी व्यवहार असणारे व्यापारी आपल्या समाजात अनेक आहेत. दोन्ही ठिकाणच्या गठ्ठ्यांखाली बराकींचा पाया आहे, इतके त्यांनी लक्षात ठेवावे.

मुलांनी निर्वासितांस मदत करावयाची ती कशी, याची निरनिराळी उत्तरे पुढील काळात मिळाली. १९७१ मध्ये पूर्व पाकिस्तानातून सुमारे एक कोटी लोक भारतात आले, तेव्हा सरकारने टपालावर पाच पैशांचा अधिभार बसविला. १५ नोव्हेंबर १९७१ पासून ३१ मार्च १९७३ पर्यंत निर्वासित साहाय्याचे ते लहानसे तिकीट पाकिटावर चिकटवावे लागे. आरंभी तर कुटुंबनियोजनाच्या पाच पैशांच्या तिकिटावरच ‘निर्वासित साहाय्य’ असे शब्द छापून काम भागविले गेले. मामाला पत्र पाठविणाऱ्या शाळकरी मुलाचेही पाच पैसे त्या निधीत गेले. अर्थात तो कर होता. न देण्याची सोय नव्हती.

इंग्लंडातील मुलांची रीत वेगळी. १९७९ मध्ये कंबोडियातील भुकेल्या आणि देशोधडीस लागलेल्या जनतेसाठी बीबीसीच्या ‘ब्लू पीटर’ या मुलांच्या कार्यक्रमाने आवाहन केले. घरातील नको असलेली वस्तू आणावयाची, दुसऱ्याने आणलेली विकत घ्यावयाची आणि जमलेली रक्कम निधीस द्यावयाची, असे बाजार मुलांनी गावोगावी भरविले. उद्दिष्ट एक लाख पौंडांचे होते. जमले ३५ लाखांहून अधिक. भांडवल शून्य, माल घरचा, गिऱ्हाईक शेजारचे! कोणत्याही शाळेस उचलता येईल असा हा सोपा हिशेब आहे. मात्र ज्यांच्यासाठी हे चालले होते ती मुले हजारो मैल दूर होती. रक्कम पोहोचली; ओळख झाली नाही.

वॉर्साच्या शाळेचे वेगळेपण नेमके येथे आहे. पोलंडचे पंतप्रधान जनरल सिकोर्स्की यांनी आपले उपकार कसे फेडावेत असे विचारले, तेव्हा जामसाहेबांनी स्वतंत्र पोलंडमध्ये माझे नाव एखाद्या शाळेस किंवा रस्त्यास द्या, एवढेच मागितल्याचे सांगितले जाते. सिकोर्स्की १९४३ मध्ये विमान अपघातात गेले, जामसाहेब १९६६ मध्ये निवर्तले. युद्धानंतर पोलंडमध्ये साम्यवादी राजवट होती. सायबेरियाचे नाव काढणेही तेथे कठीण, मग जामसाहेबांचे नाव कोण घेणार? १९८९ मध्ये ती राजवट संपली आणि त्याच वर्षी वॉर्सात एक बिनसरकारी माध्यमिक शाळा निघाली. बेदनार्स्का या रस्त्याच्या नावाने ती ओळखली जाते. भारतात वाढलेल्या पोलिश मंडळींची संघटना तोपर्यंत उघडपणे काम करू लागली होती. १९९९ मध्ये या शाळेने जामसाहेबांना आपले आश्रयदाते मानून त्यांचे नाव धारण केले. मागणी आणि तिची पूर्ती यांत अर्धशतकाहून अधिक काळ गेला.

नाव घेऊन पाटी लावली आणि काम संपले, असे पुष्कळ ठिकाणी होते. या शाळेने नावाचा अर्थ लावला. पोलंडमध्ये त्या सुमारास चेचेन्यातील युद्धामुळे परागंदा झालेली कुटुंबे येऊ लागली होती. शाळा शुल्क घेणारी, पण निर्वासितांच्या मुलांना तिने शुल्क माफ करून प्रवेश दिले. शुल्क माफ म्हणजे खर्च माफ नव्हे. तो भार इतरांनीच उचलावयाचा असतो. शाळेची स्वतःची घटना आहे आणि विद्यार्थी, शिक्षक व पालक यांच्या प्रतिनिधींची संसद आहे. समाजसेवेचे काम हा तेथे विद्यार्थ्यांच्या शिक्षणाचाच भाग मानला जातो. आश्रितास त्याच वर्गात, त्याच बाकावर आणि त्याच नियमांनी बसविणे, ही मदत निधीच्या पेटीपेक्षा अवघड आहे. पेटीत नाणे टाकून मूल घरी जाते. शेजारी बसलेल्या, भाषा न येणाऱ्या सोबत्यास उद्याही भेटावयाचे असते, त्याच्या परीक्षेची काळजी करावयाची असते आणि कधी भांडणही करावयाचे असते. बालाचडीच्या पालकभाजीशी या रीतीचे नाते आहे.

वॉर्सा शहरानेही नंतर एका चौकास भल्या महाराजांचा चौक असे नाव दिले.

फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर आक्रमण केले आणि पोलंडच्या सरहद्दीवर निर्वासितांची रीघ लागली. युक्रेनची लाखाहून अधिक मुले पोलंडच्या शाळांत दाखल झाली. त्याच सरहद्दीवर युक्रेनमध्ये वैद्यकीचे शिक्षण घेणारे भारतीय विद्यार्थीही थंडीत अडकले होते. पोलंडने त्यांना व्हिसाविना प्रवेश दिला. ‘ऑपरेशन गंगा’ या मोहिमेच्या काळात युक्रेनमधून सुमारे २२,५०० भारतीय मायदेशी परतले. त्यांतील अनेकांची वाट पोलंडमधून गेली. ऐंशी वर्षांपूर्वी मुले पोलंडची होती आणि दार हिंदुस्थानचे होते.

ऑगस्ट २०२४ मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी वॉर्सास गेले असता त्यांनी जामसाहेबांच्या आणि कोल्हापूरच्या स्मारकास पुष्पांजली वाहिली, आणि दरवर्षी २० पोलिश तरुणांना भारतभेटीस बोलाविण्याची योजना जामसाहेबांच्या नावे जाहीर केली. कोल्हापुरातही पोलिश लोकांच्या कृतज्ञतेचे स्मारक आहे. ते १९९८ मध्ये उभारले गेले ते महावीर उद्यानात. सप्टेंबर २०१९ मध्ये वळिवड्यास बालपण घालविलेली काही मंडळी पोलंडच्या उपपरराष्ट्रमंत्र्यांसह पुन्हा कोल्हापुरास आली होती. ज्या बराकींत ती शिकली, तेथे आता कापडाची दुकाने आहेत.