सैनिकाची माफी आणि घरी राहिलेली बाई

आपल्या सातारा जिल्ह्यात फौजेत कुणीच नाही असं गाव शोधावं लागेल. अपशिंग्याची तर ओळखच 'अपशिंगे मिलिटरी'. पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जवान कामी आले. म्हणून आज आम्ही सैनिकांना मिळणाऱ्या माफीचा इतिहास सांगणार आहोत.

यातला एक जुना कायदा इंग्रजांच्या काळातला, १९०१ चा, टोलमाफीचा. पलटण निघाली की वाटेत रस्ते, पूल, धक्के, आणि तिथं पथकराचे नाके. प्रत्येक ठिकाणी घोडे, गाड्या, सामान मोजून पैसे भरत बसलं तर पलटण पोहोचायची कधी? म्हणून कामावरच्या शिपायाला आणि त्याच्या सामानाला पथकर माफ झाला. बायकापोरांचंही नाव त्यात आहे बरं का! पण कधी, तर ती पलटणीबरोबर किंवा कामावरच्या शिपायाबरोबर प्रवासात असतील तेव्हा. गावी राहून शेत कसणारी, सासूसासऱ्यांचं करणारी बाई त्या कायद्यात कुठंच नव्हती.

म्हणजे ही माफी कामाला होती, माणसाला नव्हे. हा कायदा अजून चालू आहे, आणि टोलनाक्यावरची भांडणं यातूनच होतात. निवृत्त फौजी स्वतःच्या गाडीनं लग्नाला निघाला तर त्याला टोल भरावा लागतो. परमवीर चक्रापासून शौर्य चक्रापर्यंतचे मानकरी मात्र राष्ट्रीय महामार्गावर ओळखपत्र दाखवून सुटतात.

लायसन्सचंही तसंच. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम १८ प्रमाणे लष्करानं दिलेलं लायसन्स लष्कराच्याच गाडीला चालतं. लडाखच्या घाटात ट्रक चालवलेल्या माणसाला गावात पिकअप चालवायची तर आरटीओचं लायसन्स हवंच. अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात, सेवेमुळे किमान ६० टक्के अपंगत्व आलेल्या माजी सैनिकाला लायसन्सची फी माफ आहे. तिथं निदान कामावरून परतलेल्या माणसाचा विचार झाला.

आपल्याकडे तो घरपट्टीत झाला. आधी ही माफी शौर्यपदकवाल्यांच्या घरांपुरती होती. २०२० मध्ये महाराष्ट्र सरकारनं ती सगळ्या माजी सैनिकांना आणि सैनिकांच्या विधवांना दिली. (विधवा हा शब्द सरकारी कागदावरचा, आम्हाला तो आवडत नाही.) इथं ती कुणाबरोबर प्रवासात असायची अट नाही. आपल्या घरात राहते, एवढं पुरे.

माफी एकाच घराला मिळते. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचा दाखला ग्रामपंचायतीत द्यावा लागतो. पण त्याआधी नमुना आठचा उतारा काढून बघा. आमच्या गटांत तपासलं, तर कितीतरी जणींच्या घरावर अजून सासऱ्यांचंच नाव निघालं. नवरा जाऊन दहा-दहा वर्षं झाली, घरपट्टी ती भरते, आणि उताऱ्यावर तिचा पत्ता नाही. त्या नावाची नोंद आधी लावून घ्या. गटाच्या पुढच्या बैठकीला येताना उतारा आणि पेन्शनचे कागद बरोबर आणा, अर्ज तिथंच बसून भरू.