हॅमेट गप्प का राहिला?

परवा रात्री 'द माल्टीज फाल्कन' (१९४१) परत बघितला. बोगार्ट ग्रेटच, पण मला दर वेळी आठवतो तो मूळ कादंबरीचा लेखक, डॅशिएल हॅमेट.

हा गडी १९१५ मध्ये पिंकर्टन डिटेक्टिव्ह एजन्सीत लागला. म्हणजे पाळत ठेवणं, पाठलाग करणं, रिपोर्ट लिहिणं हे सगळं त्यानं पगारावर केलेलं! पुढे क्षय झाला, नोकरी सुटली आणि पोटासाठी 'ब्लॅक मास्क' मासिकात कथा सुरू झाल्या. तिथला त्याचा हेर जाडा, बुटका, आणि त्याला चक्क नावच नाही. हवेलीतले खून आणि शेवटच्या पानावरचा उलगडा याला सरावलेल्या वाचकांना हे नवीनच होतं.

१९२९ ते १९३४, पाच कादंबऱ्या. आणि मग? १९६१ मध्ये जाईपर्यंत सहावी आलीच नाही. दारू, हॉलिवूडचा पैसा... लोक कारणं बरीच देतात. मला ती पुरेशी वाटत नाहीत, पण असो.

मला जास्त खेचतं ते १९५१ साल. हॅमेट तेव्हा सिव्हिल राइट्स काँग्रेसच्या जामीन निधीचा विश्वस्त होता. या निधीनं जामीन भरलेले चार कम्युनिस्ट पुढारी फरार झाले. कोर्टानं विचारलं, निधीला पैसे कोणी दिले? हॅमेट गप्प. सहा महिन्यांची शिक्षा झाली, पाचेक महिने आत काढले. रेडिओवरचे त्याच्या पात्रांचे कार्यक्रम बंद पडले, वर इन्कम टॅक्सवाले मागे लागले.

एकेकाळी लोकांची माहिती काढायचाच पगार घेणारा हा माणूस. नावं मात्र त्यानं शेवटपर्यंत दिली नाहीत.