गारवा कोणाचा आणि केव्हा?

नागपूरचा उन्हाळा पाऱ्याच्या आकड्यांनी सांगायची रीत आहे. 23 मे 2013 रोजी पारा 47.9 अंशांवर गेला होता. पण या उन्हात गारवा कोणाला आणि केव्हा मिळायचा, हे कोण ठरवत आले, हा इतिहास मला अधिक मोलाचा वाटतो. इंग्रजी अमलात मध्य प्रांताचे सरकार उन्हाळ्यात पचमढीला मुक्काम हलवी. मागे राहिलेल्यांपैकी ज्यांना परवडे ते दारा-खिडक्यांना वाळ्याच्या ताट्या लावून त्यांवर पाणी शिंपडत. कोरड्या हवेत पाण्याची वाफ होताना हवेतली उष्णता ओढली जाते, एवढेच त्यामागचे शास्त्र. पुढे ताटीमागे पंखा आणि खाली पाण्याची टाकी आली; कूलर घरोघरी पोहोचला. एसीच्या मानाने त्याला वीज अगदी थोडी लागते, त्यामुळे साध्या घरातही दुपारची झोप शक्य झाली.

विजेचा स्वभाव असा की ती ज्या क्षणी निर्माण होते त्याच क्षणी वापरावी लागते. मागणी निर्मितीपेक्षा वाढली की वारंवारता 50 हर्ट्झच्या खाली घसरते, आणि निर्मिती वाढवता आली नाही तर ती सावरायला कुठला तरी भार कमी करणे भाग पडते. कोराडीचे वीजकेंद्र 1974 पासून नागपूरच्या उशाशी धूर आणि राख सोडते आहे. खापरखेड्याचे सध्याचे संच नंतर आले. तरीही 2005 नंतरच्या टंचाईत विदर्भाने भर उन्हाळ्यात भारनियमन सोसले. वीजगळती आणि बिलवसुली पाहून वाहिन्यांचे गट पाडले गेले, म्हणजे नियमित बिल भरणारे घरही शेजाऱ्यांच्या थकबाकीपायी उकाड्यात बसले. कूलर बंद ठेवून ग्रीड सावरण्याचा प्रयोग आपण असा आधीच केला आहे, फक्त तो न विचारता केला.

आता वीज मुबलक आहे, मग गारव्याची वेळ ठरवण्याचा विषय कशाला, असे कोणी म्हणेल. पण आजची अडचण तासांची आहे. दुपारी सौरवीज भरपूर मिळते. सूर्य मावळतो तेव्हा ती थांबते, पण तापलेले स्लॅब उष्णता सोडू लागतात आणि एसी रात्रभर चालतात. मोठी रुग्णालये, मॉल, कार्यालये दुपारीच पाणी गार करून किंवा बर्फ करून साठवू शकतात आणि संध्याकाळी तोच गारवा वापरू शकतात. त्यासाठी यंत्रांची वेळ ग्रीडच्या गरजेप्रमाणे बदलू द्यावी लागेल. आपल्या यंत्राला दुसऱ्याने हात लावू नये, हा आक्षेप भारनियमन भोगलेल्या गावाला शोभतोच. म्हणून त्याला उत्तर संमतीचे आणि दराचे असले पाहिजे: वेळ बदलणाऱ्याला स्वस्त वीज, आणि नको असेल त्याला नकाराचा हक्क. कूलरला मात्र यातून वगळावे. त्याला गारवा साठवता येत नाही, त्याला पाणी लागते आणि पावसाळी दमटपणात तो निरुपयोगी ठरतो. शिवाय टंचाईच्या काळात त्या घरांनी आपला वाटा केव्हाच उचलला आहे. आधी विचारायचे ते केंद्रीय वातानुकूलनाच्या इमारतींना.