उबीनचा दगड आणि परवानगीचं पत्र



सिंगापुरातल्या बऱ्याच मराठी पालकांनी हा अनुभव घेतला असेल. चांगी पॉइंटच्या जेट्टीवरून बमबोटीत बसायचं, दहा-पंधरा मिनिटांत पुलाउ उबीनला उतरायचं, सायकली भाड्याने घ्यायच्या आणि निघायचं. थोडं पुढे गेलं की फोन किणकिणतो : मलेशियात तुमचं स्वागत आहे! मुलं लगेच विचारतात, "आपण दुसऱ्या देशात आलो का?"

नाही, आलो नाही. समोर खाडीपलीकडे जोहोरचा किनारा दिसतो, तिथल्या टॉवरचा सिग्नल जोरात येतो आणि फोन तो पकडतो. रेडिओलहरींना इमिग्रेशन नसतं.

उत्तर इथे संपवता येतं. पण मुलांना अजून दहा मिनिटं ऐकायचं असेल, तर याच बेटावरून एक गोष्ट सांगता येते. टॉवर कुठे उभा करायचा, जमीन कुणाची आणि परवानगी कुणाकडे मागायची, या प्रश्नाची. ती २०० वर्षं जुनी आहे आणि शेवटी थेट हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात जाऊन पोचते.

आधी कागद, मग झेंडा

२ ऑगस्ट १८२४ ला ईस्ट इंडिया कंपनीने जोहोरचा सुलतान हुसेन आणि तेमेंगगोंग (जोहोरचा बडा सरदार) यांच्याशी तह केला. त्यात सिंगापूर बेट आणि त्याच्या किनाऱ्यापासून दहा मैलांच्या आतली लहान बेटं कंपनीला मिळाली. उबीन त्यातच आलं. पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये रेसिडेंट जॉन क्रॉफर्ड 'मलबार' नावाच्या जहाजातून सिंगापूरला वळसा घालायला निघाला. उबीनला उतरून त्याने ब्रिटिश झेंडा लावला आणि २१ तोफांची सलामी दिली. म्हणजे मालकी आधी कागदावर ठरली आणि मग माणसं बेटावर पोचली.

'उबीन' हे नाव 'जुबीन' या मलय शब्दावरून आलं असं सांगतात. जुबीन म्हणजे फरशी. नावाप्रमाणेच या बेटाने पुढे दीडशे वर्षं सगळ्यांना दगड पुरवला. जोहोर आणि सिंगापूर जोडणारा कॉजवे १९२४ मध्ये रीतसर खुला झाला, त्यातही उबीनचं ग्रॅनाइट आहे. पण आपली गोष्ट त्याच्याही आधीच्या एका कामाची आहे.

समुद्रातला सिग्नल टॉवर

सिंगापूरच्या सामुद्रधुनीच्या पूर्वेच्या तोंडाशी एक खडक आहे. ओहोटीला जेमतेम १३७ मीटर लांब आणि सरासरी ६० मीटर रुंद. पोर्तुगीज त्याला पेद्रा ब्रांका म्हणत, मलय लोक पुलाउ बातू पुतेह. दोन्हीचा अर्थ एकच, पांढरा दगड. पक्ष्यांच्या विष्ठेने तो पांढरा दिसायचा. हिंदुस्थान आणि चीनमधला व्यापार वाढला तशी इथे जहाजं आपटू लागली. मुंबई, बंगाल आणि चीन यांच्यामध्ये वर्षानुवर्षं जहाजं हाकलेला आणि पुढे कंपनीचा जलनकाशे-तज्ज्ञ झालेला जेम्स हॉर्सबर्ग १८३६ मध्ये वारला, तेव्हा व्यापाऱ्यांनी त्याच्या स्मरणार्थ दीपगृह उभारायला वर्गणी सुरू केली.

दीपगृह म्हणजे त्या काळचा सिग्नल टॉवरच. आज मोबाईल टॉवरला जे प्रश्न विचारतात तेच तेव्हाही होते : जागा कोणती, खर्च कुणाचा, आणि जागेच्या धन्याची संमती आहे का?

१८४४ मध्ये गव्हर्नर बटरवर्थने जोहोरच्या सुलतानाला आणि तेमेंगगोंगला पत्रं लिहिली. २५ नोव्हेंबर १८४४ ला दोघांची उत्तरं आली, दीपगृह बांधायला आमची हरकत नाही, अशा अर्थाची. मेख अशी की तेव्हा जागा पक्की झालेली नव्हती. पेद्रा ब्रांकाऐवजी जोहोरच्या किनाऱ्याजवळच्या दुसऱ्या खडकाचाही विचार चालू होता. मग ही 'हो' नेमकी कुठल्या खडकाला होती? बटरवर्थची मूळ पत्रं हाती असती तर लगेच कळलं असतं, पण ती पुढे कुणाला सापडलीच नाहीत.

काम मात्र झालं. सरकारी सर्व्हेअर जॉन टर्नबुल थॉमसनने आराखडा केला. उबीनवर चिनी पाथरवटांनी ग्रॅनाइट फोडून, घडवून दिलं, आणि ते होड्यांतून भर समुद्रातल्या खडकावर नेलं. ईशान्य मोसमी वारे सुरू झाले की तिथे उभंही राहता येत नसे, म्हणून मधल्या महिन्यांतच काम चाले. २४ मे १८५० ला पायाचा दगड बसला आणि १५ ऑक्टोबर १८५१ ला दिवा लागला. हॉर्सबर्ग दीपगृह आजही उभं आहे.

शंभर वर्षांनी एक प्रश्न, एका ओळीचं उत्तर

१२ जून १९५३ ला सिंगापूरच्या वसाहत सरकारने जोहोरला पत्र पाठवून विचारलं की पेद्रा ब्रांकाची कायदेशीर स्थिती काय आहे? हा खडक दहा मैलांच्या बाहेरचा, त्यामुळे १८२४ च्या तहात बसत नव्हता. २१ सप्टेंबरला जोहोरच्या प्रभारी राज्य सचिवाचं उत्तर आलं : जोहोर सरकार पेद्रा ब्रांकावर मालकी सांगत नाही. बस्स, एवढंच. अशी पत्रं रोज डझनभर जातात. लिहिणाऱ्यालाही त्यात काही विशेष वाटलं नसावं.

१९७७ मध्ये सिंगापूरने त्या खडकावर आपल्या नौदलासाठी संदेशवहनाची यंत्रणा बसवली. कुणाला विचारलं नाही. १९७८ मध्ये मलेशियाच्या अधिकाऱ्यांना भरती-ओहोटीच्या मोजणीसाठी तिथे जायचं होतं, तेव्हा मात्र सिंगापूरने परवानगी दिली आणि ती त्यांनी घेतली. १९७९ च्या डिसेंबरमध्ये मलेशियाने नकाशा छापला आणि खडक आपल्या हद्दीत दाखवला. फेब्रुवारी १९८० मध्ये सिंगापूरने निषेध नोंदवला. वाद चालत राहिला आणि २००३ मध्ये दोन्ही देशांनी मिळून तो हेगला नेला.

२३ मे २००८ ला निकाल लागला. न्यायालय म्हणालं, मूळ मालकी जोहोरचीच होती. १८४४ ची संमती याच खडकाला होती का, हे त्या पत्रांवरून ठामपणे सांगता येत नाही. पण १९५३ चं उत्तर, त्यानंतर सिंगापूरने धन्यासारखं वागणं आणि मलेशियाने गप्प राहणं, हे सगळं धरलं तर १९८० पर्यंत मालकी सिंगापूरकडे गेली होती. १२ विरुद्ध ४ मतांनी पेद्रा ब्रांका सिंगापूरचा ठरला. शेजारचे मिडल रॉक्स मलेशियाकडे राहिले. २०१७ मध्ये मलेशियाने फेरविचाराचा अर्ज केला, २०१८ मध्ये तो मागे घेतला.

दीपगृह बांधलं म्हणून खडक मिळाला नाही, हे मुलांना नीट सांगायला हवं. दुसऱ्याच्या जमिनीवर त्याच्या संमतीने टॉवर बांधता येतो आणि जमीन त्याचीच राहते. उलटलं ते नंतर, कुणी विचारलं, कुणी उत्तर दिलं आणि कुणी वेळेवर हरकत घेतली नाही यामुळे.

आपली खांदेरी

हा खेळ आपल्या माणसांना नवा नव्हता. १६७९ मध्ये शिवाजी महाराजांनी मुंबई बंदराच्या तोंडावर, थळच्या किनाऱ्यासमोर, खांदेरी बेटावर तटबंदी सुरू केली. मुंबईचे इंग्रज म्हणाले, हे बेट आमच्या मुंबईचा भाग आहे, काम थांबवा. इंग्रजांची आणि सिद्दीची जहाजं चालून आली, पण मायनाक भंडारी आणि दौलतखान हटले नाहीत, बांधकाम चालूच राहिलं. १६८० च्या सुरुवातीला इंग्रजांनी माघार घेऊन तह केला. त्या बेटावरून कोण नजर ठेवणार हाच खरा मुद्दा होता, कारण मुंबईत येणारं-जाणारं प्रत्येक जहाज तिथून दिसे. पुढे आंग्र्यांचं राज्य गेलं आणि १८६७ मध्ये ब्रिटिश सरकारने त्याच खांदेरीवर दीपगृह बांधलं. २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे जे १२ किल्ले जागतिक वारसा ठरवले, त्यांत खांदेरी आहे.

खुद्द उबीनवर काय झालं?

खाणी जोरात होत्या तेव्हा उबीनवर हजारो लोक राहत. शाळा होती, दुकानं होती. एकेक खाण बंद पडत गेली, शेवटची १९९९ मध्ये. आज कायमचे रहिवासी मोजकेच उरलेत आणि खाणींची तळी झाली आहेत.

सिंगापुरात कुठल्या जमिनीवर काय उभं राहील हे विकास आराखडा ठरवतो आणि दर पाच वर्षांनी त्याचा फेरविचार होतो. मसुदा लोकांसमोर मांडला जातो, हरकती आणि सूचना देता येतात. कागदोपत्री ही रीत कोरडी वाटते, पण उबीनला तिने वाचवलंय. बेटाच्या पूर्व टोकाला, चेक जावाला, भराव टाकायचं ठरलं होतं. २००१ मध्ये निसर्गप्रेमींनी आणि अभ्यासकांनी ओहोटीला चिखलात उतरून तिथल्या जिवांच्या नोंदी केल्या, अहवाल लिहिले, पत्रं पाठवली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये भराव पुढे ढकलण्यात आला. आज तिथे लाकडी पदपथ आहे आणि सुमारे २० मीटर उंचीचा जेजावी टॉवर. पक्षी बघायचा, सिग्नलचा नव्हे!

मार्च २०१३ मध्ये उबीनवरच्या २२ घरांना सरकारी पत्र आलं. विषयात ॲडव्हेंचर पार्कसाठी पूर्वी संपादित केलेली बांधकामं हटवण्याचा उल्लेख होता. जन्म तिथे गेलेली म्हातारी माणसं हादरली, वर्तमानपत्रांत बातम्या आल्या. एप्रिलमध्ये सरकारने खुलासा केला की कुणालाही उठवायचं नाही. जमीन आधीच सरकारजमा आहे, त्यामुळे तिथे राहण्याचा तात्पुरता परवाना घेऊन शुल्क भरायचं, इतकंच. घर तेच, माणसं तीच, फक्त कागदावरचा शब्द बदलला. पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली माणसं 'परवानाधारक' झाली. पास, व्हिसा आणि पीआरच्या तारखा ज्यांच्या कपाटात आहेत, त्या आपल्यासारख्यांना हे वेगळं समजावायला नको.

मग आज टॉवरचं पत्र आलं तर?

तुमच्यापैकी कुणाच्या शाळेजवळ, कुणाच्या इमारतीवर टॉवर येणारच आहे. म्हणून देशोदेशीची रीत थोडक्यात.

सिंगापुरात बहुतेक अँटेना इमारतींच्या गच्चीवर असतात. इमारत बांधणाऱ्याने मोबाईल कंपन्यांसाठी ठरावीक जागा बिनभाड्याने द्यावी, असा नियम २०१३ पासून आहे. शिवाय विमानतळाजवळ उंचीची मर्यादा आहेच, आणि उबीन तर चांगीच्या दाराशी.

अमेरिकेत १९९६ च्या दूरसंचार कायद्याने झोनिंगचा अधिकार गावाकडे ठेवला. पण लहरी केंद्राने ठरवलेल्या मर्यादेत असतील तर 'तब्येतीला धोका' या कारणाने गाव नकार देऊ शकत नाही. नकार द्यायचाच तर तो लेखी आणि पुराव्यासह. तेव्हा सुनावणीला गेलात तर उंची, अंतर, दिसणं आणि पर्यायी जागा यांवर बोला.

भारतात १ सप्टेंबर २०१२ पासून लहरींची मर्यादा आंतरराष्ट्रीय शिफारशीच्या एक दशांश केली गेली. सोसायटीच्या गच्चीवर टॉवर असेल तर सभासदांची संमती लागते.

आणि एक कळकळीची विनंती. गावाकडे आई-बाबांना फोन किंवा पत्र येतं : तुमच्या जमिनीवर टॉवर बसवतो, महिन्याला घसघशीत भाडं, फक्त आधी 'सरकारी ना-हरकत'ची फी भरा. सोबत ट्रायच्या नावाचं पत्रही असतं. ट्राय असं पत्र देत नाही आणि फीही घेत नाही. दूरसंचार खात्याने याबद्दल पुन्हा पुन्हा सावध केलं आहे. आज रात्रीच्या व्हिडिओ कॉलवर एवढं तरी सांगाच. सातबारा, गच्चीचा करार, भाऊबंदांचं संमतीपत्र, काहीही सहीला आलं तर आधी फोटो पाठवायला सांगा आणि स्वतः वाचा. आणि हरकत असेल तर लेखी कळवा. फोनवर नुसतं "बघू" म्हणू नका.

पुढच्या वेळी उबीनला जाल तेव्हा मुलांना खाणीच्या तळ्यापाशी थांबवा. इथून निघालेला दगड समुद्रात १७० वर्षांहून जास्त काळ उभा आहे, पण तो कुणाचा हे एका ओळीच्या पत्राने ठरलं, हे त्यांना सांगा. आणि नंतर काय प्रश्न विचारले ते इथे नक्की लिहा.

#पुलाउउबीन #परदेशातलेमराठीपालक #मुलांसाठीइतिहास