ओसरीवरचा व्यायाम, साल १९५३

निरा स्टेशन, १९५३ सालची सकाळ. तुम्ही एक आई आहात. सोमेश्वरनगर हे नाव अजून पडलेले नाही. साखर कारखाना नाही, त्याचा भोंगा नाही. करंज्याचे सोमेश्वराचे देऊळ आहे, निरेचा डावा कालवा आहे आणि कालव्याच्या पाण्यावरचा ऊस आहे. तुमच्या कडेवर चार वर्षांचा मुलगा आहे. त्याचा उजवा पाय नुसता लोंबतो आहे.

पावसाळ्यात त्याला ताप आला. ताप उतरला, पण पोर उभे राहीना. घरात कोणी म्हणाले, वारं गेलं. अंगारा झाला. पाय तेलाने रगडला, तेव्हा तो किंचाळला. हा पोलिओ. त्यावरची लस १९५५ साली जाहीर होणार आहे. तुमच्या लेकाला तिचा उपयोग नाही.

मीटरगेजच्या गाडीने पुणे, तिथून गाडी बदलून दादर, मग ट्रामने परळ. केईएम रुग्णालयाच्या लांब व्हरांड्यात तुमच्यासारख्याच आया बसल्या आहेत. मुंबईत पोलिओची मोठी साथ येऊन गेली आहे. त्या मुलांना उभे करणारी माणसे देशात पुरेशी नाहीत, म्हणून याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने इथे फिजिओथेरपीची शाळा सुरू झाली आहे.

पांढऱ्या कपड्यांतली एक तरुण मुलगी लेकाला फळीवर उताणे निजवते. मांडीवर तळहात ठेवून म्हणते, "बाळा, गुडघा ताठ कर." पाय हलत नाही, पण तिच्या बोटांखाली स्नायू किंचित आवळतो. ती कागदावर १ लिहिते. मग त्याला कुशीवर वळवते आणि पायाचा भार आपल्या हातावर तोलून धरते. आता गुडघा थोडा सरळ होतो. ती १ खोडून २ करते.

हे आकडे नीट समजून घ्या. ० म्हणजे काहीच हालचाल नाही, १ म्हणजे नुसती थरथर. पायाचे वजन कोणी पेलले तर हालचाल होते, तो २. स्वतःचे वजन उचलून हालचाल झाली की ३, वरून थोडा दाब देऊनही टिकली की ४ आणि धडधाकट स्नायूला ५. ज्याचा आकडा २ आहे त्याला ३ चा व्यायाम दिला, तर तो फक्त हरतो. २ चा व्यायाम २ वरच अडवून ठेवला, तर तो तिथेच राहतो. सगळी विद्या या मापात आहे.

"बरा होईल ना?" तुम्ही विचारता. ती खोटे बोलत नाही. विषाणूने पाठीच्या कण्यातल्या ज्या पेशी मारल्या, त्या परत येणार नाहीत. उरलेल्या पेशी मात्र नवे धागे फोडून पोरक्या स्नायूंपर्यंत पोचतात आणि व्यायामाने तेच स्नायू बळकट होतात. जे परतायचे, त्यातले पुष्कळसे पहिल्या काही महिन्यांत परतते. तेवढ्या काळात सांधे आखडू द्यायचे नाहीत.

शेजारच्या विभागात मुले हातापायाने कामे करत आहेत. काम हाच त्यांचा व्यायाम. व्यवसायोपचाराची ही शाळा १९५० साली कमलाबाई निंबकरांनी उभी केली. जन्माने त्या अमेरिकन, एलिझाबेथ लंडी. लग्न करून इथल्या झाल्या. पुढे त्यांचा मुलगा तुमच्या नदीपलीकडच्या फलटणला शेतीत रुजेल आणि तिथल्या एका शाळेला कमला निंबकर बालभवन हे नाव मिळेल.

"बाई, आता तुम्ही करून दाखवा," ती मुलगी म्हणते. तुम्ही टाच तळव्यात धरता, गुडघा सरळ ठेवता आणि पाऊल हळूहळू वर दाबता. थांबता. सोडता. हे रोज केले नाही, तर टाचेमागची शीर आखडेल आणि पोर चवड्यावरच चालेल. "तो दमायच्या आत थांबा," ती बजावते. "दमलेल्या स्नायूला पिळू नका."

तुम्ही गावी परतता. भांगलणीला जायच्या आधी, ओसरीवरच्या घोंगडीवर, तेच तेच. सासूला वाटते, मुंबईला जाऊन पोराचा पाय हलवायला शिकून आली. खरेच, तेवढेच शिकून आलात. पण एका सकाळी तो बसल्या बसल्या, कुणी न धरता, गुडघा सरळ करतो. ३. हा पाय दुसऱ्याइतका कधी भरणार नाही, कदाचित पायाला आधाराचा कॅलिपरही लागेल. तरी तो शाळेत चालत जाणार.

आता पुढे या. २७ मार्च २०१४ रोजी भारत पोलिओमुक्त असल्याचे प्रमाणपत्र मिळाले. तुम्ही सोमेश्वरनगरला आहात. उसाच्या मोळ्या वाहून कंबर धरलेली बाई, गुडघा बदललेले आजोबा, अर्धांगवायूने हात लुळा पडलेले काका: आज उपचाराला येणारी माणसे ही आहेत. आजोबांनी गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी घेऊन ती दाबायची, त्यात काम करतो तो मांडीचाच स्नायू. काकांना पेला उचलायचा सराव पुनःपुन्हा द्यायचा, कारण इथे मेंदूच्या शाबूत भागाला हे काम नव्याने शिकवायचे आहे. पण मोजायचे, झेपेल तेवढे द्यायचे, जमले की वाढवायचे, ही रीत परळचीच.

म्हणून घरात असा रुग्ण असेल, तर नुसत्या शेकावर आणि मशीनवर समाधान मानू नका. त्याने दुखणे हलके होईल, पण ताकद यायला व्यायामच लागतो. फिजिओथेरपिस्टला तीन गोष्टी विचारा: हा व्यायाम कोणत्या स्नायूसाठी, किती वेळा आणि कधी वाढवायचा? दुखणे जरा कमी झाले की व्यायाम सोडू नका. ताकद भरायचे काम खरे तेव्हाच सुरू होते. दवाखान्यातला वेळ तासाभराचा असतो. दिवसाचे बाकीचे तास घरच्यांच्या हाती असतात आणि माणूस उभा राहतो तो त्या तासांवर.