तान्हा पोळा आणि आपले सणवार



सिंदीचे नाव काढले की परगावचे लोक दोनच गोष्टी विचारतात. कोणती सिंदी, रेल्वेची की मेघ्यांची? आणि तान्हा पोळा पाहावयास कधी येऊ? पहिल्याचे उत्तर सोपे आहे. नागपूरपर्यंत आगगाडी १८६७ साली गेली, त्या मार्गावर आपले स्टेशन, म्हणून आपण रेल्वेचे. दुसऱ्यासाठी मात्र थोडे मागे जावे लागते.

आधी मोठा पोळा. श्रावणातल्या अमावास्येच्या आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे तुपाहळदीने मळावयाचे आणि त्यांना दुसऱ्या दिवसाच्या जेवणाचे आवतण द्यावयाचे. अमावास्येला औत नाही की गाडी नाही. शिंगांना बेगड, पाठीवर झूल, तोरणाखाली रांग, झडत्यांची चढाओढ; तोरण तुटले की बैल घरोघर येतात, आपण पाय धुऊन ओवाळतो, पुरणपोळी चारतो आणि गड्याच्या हाती बोजारा ठेवतो. त्या दिवशी बैलाला विसावा, गड्याला विसावा. चूल तेवढी दुपटीने पेटते. हे मी रागाने लिहीत नाही, पण लिहिलेले बरे.

दुसऱ्या दिवशी पाडव्याला मुलांचा तान्हा पोळा. ज्यांना बैलाची वेसण धरता येत नाही, त्यांच्यासाठी लाकडी बैलांचा पोळा भोसल्यांच्या राजवटीत दुसऱ्या रघूजीराजांनी सुरू केला, असे नागपूरकडे सांगतात. त्यांची कारकीर्द १७८८ ते १८१६ ही होय. त्याच दिवशी नागपुरास मारबती निघतात. काळी १८८१ पासून आणि पिवळी १८८५ पासून. सारी रोगराई घेऊन जा म्हणून लोक त्यांना ओरडून सांगतात आणि गावाबाहेर नेऊन जाळतात. आपल्या सिंदीने मात्र सारा जीव नंदीवर टाकला. या पोळ्याची परंपरा शंभराहून अधिक वर्षांची सांगतात. वीतभर नंदीपासून माणसाच्या उंचीला टेकणाऱ्या नंदीपर्यंत सारे त्या दिवशी रस्त्यावर येतात. सुताराने एकदा घडविलेला नंदी आजोबांकडून नातवाकडे जातो. वर्षभर तो माळ्यावर किंवा देवघरापाशी असतो. पोळा आला की रंगाचा हात फिरतो, चाकांना तेल पडते. पाहुणे इतके येतात की पुरण किती शिजवावे याचा अंदाज आजवर मला साधलेला नाही.

मी लहान असता नंदीची दोरी भावाच्या हाती असे आणि माझ्या हाती ओवाळणीचे ताट. आता आमच्या गल्लीत मुलीही दोरी धरतात. कोणी ठराव केला नाही. एका वर्षी एकीने धरली, दुसऱ्या वर्षी चौघींनी.

सण अनादि काळापासून आहेत तसेच चालत आले, असे आपण मानतो. पण कोणीतरी ते सुरू केलेले असतात आणि पुढे कोणीतरी त्यांत भर घातलेली असते. १५ ऑगस्टला आपल्या शाळेत झेंडा लागतो. तिरंगा घेऊन चालले म्हणून नागपुरास १९२३ च्या झेंडा सत्याग्रहात लोक तुरुंगात गेले. तेव्हाच्या तिरंग्यावर चरखा होता आणि रंगही वेगळे होते. आपल्याच जिल्ह्यातील आष्टीला १६ ऑगस्ट १९४२ रोजी नागपंचमी होती. त्या दिवशी गोळ्या चालल्या, आणि तेव्हापासून तेथील नागपंचमी वारुळापुरती उरली नाही. १४ ऑक्टोबर १९५६ च्या दसऱ्याला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नागपुरास धम्मदीक्षा दिली. आता दसऱ्याला गाडीत पांढरी लुगडी नेसलेल्या भगिनींना बसण्यापुरती जागा मिळत नाही, आणि आपण सोने लुटावयास निघतो. सण तोच दिवशी, अर्थ दोन. वर्ध्याचे लक्ष्मीनारायण मंदिर जमनालालजी बजाजांनी १९२८ मध्ये अस्पृश्य मानलेल्यांना उघडले. तेव्हाही चालत आलेली रीतच मोडावी लागली होती.

दूरचेही एक सांगते. युक्रेनात युद्ध पेटले तेव्हा, २०२२ साली, तेथे डॉक्टरकी शिकणारी आपल्याकडची मुले परत आली आणि त्या देशाचे नाव घराघरांत झाले. तेथे नाताळ ७ जानेवारीला पाळीत. २०२३ मध्ये त्यांनी कायदा करून तो २५ डिसेंबरला आणला. आदल्या रात्री बारा पदार्थ करतात, त्यांत गव्हाची खीर प्रमुख. तीत खसखस आणि मध घालतात. घरच्या मेलेल्या माणसांसाठीही त्या जेवणात जागा राखतात. वाचून मला आपले पितर आठवले. एवढ्या मोठ्या सणाची तारीख हलली, तरी खीर तीच राहिली.

हे सारे लिहिण्याचे कारण माझ्या घरात आहे. माझे धाकटे दीर गेले. त्यानंतर जावेने आपल्या मुलाचा नंदी ओवाळला नाही. ताट मीच धरीत असे, ती दाराआड उभी राही. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तर, "जाऊबाई, बायका येतील, मी मागे चहाचं पाहते," असे म्हणून ती स्वतःच आत जाई. तिने म्हणावे आणि मी ऐकून घ्यावे, हे कित्येक वर्षे चालले. तिला कोणी आत घातले नव्हते, असे मी मनाला सांगत असे. बाहेर ये असेही मी कधी म्हटले नव्हते.

मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड गावाने नवऱ्यामागे बायकोचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात सरकारनेही इतर गावांनी तसे करावे म्हणून परिपत्रक काढले. ते ऐकूनही माझे ताट माझ्याच हाती राहिले. गेल्या तान्ह्या पोळ्याला मात्र पोराने नंदी दारात आणून उभा केला तेव्हा मी ताट तिच्यापुढे केले. ती बराच वेळ घेईना. शेजारच्या दोघीजणी पाहत होत्या, त्यांतली एक आत निघून गेली. मग पोरगाच म्हणाला, "आई, लवकर ओवाळ ना, बोजारा मागायला जायचं आहे." तिने ओवाळले. ज्योत थरथरत होती, पण विझली नाही.

आपल्या मंडळाच्या संक्रांतीच्या पत्रिकेवर दरवर्षी "सुवासिनी भगिनींनी यावे" असे छापले जाते. यंदा नुसते "भगिनींनी यावे" असे छापावे, अशी सूचना मी बैठकीत मांडली आहे. तिच्यावर अजून निर्णय व्हावयाचा आहे.